दुतोंडी नोझलची साक्ष

दुपारचे चार वाजले होते. पिठाच्या कारखान्याचं मागचं गेट. गेट नुकतंच बंद झालं होतं आणि त्याच्या फटीखाली, डांबरावर, मूठ-दोन मूठ गहू सांडला होता. गहू गुलाबी होता.

हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. मी तिथे होतो. वहिनीच्या शर्टाच्या खिशात होतो, खिशाला भोक होतं आणि त्या भोकातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी फवारणी पंपाचा नोझल. अंगठ्याएवढा. अंग प्लॅस्टिकचं, ओठ चिनी मातीचे. पंपातून औषधाचं पाणी जोरात येतं, मी त्याचे बारीक तुषार करून सोडतो, एवढाच माझा धंदा. माझ्या भावकीत बहुतेकांना एकच तोंड असतं आणि ते बिचारं कायम खाली असतं. मला दोन आहेत. एक पुढे झुकलेलं, एक मागे. दुकानदार मला विकायला काढायचा तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हा दुतोंडी घ्या, दुतोंडी." म्हणजे जन्मल्यापासून मी शिवी खातोय.

माणसं एकमेकांना दुतोंडी म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत ती शिवी नाही, गरज आहे. गव्हाची ओंबी ताठ उभी असते. वरून पाणी ओतलं तर निम्मं पानांवर जातं, उरलेलं मातीत. ओंबीच्या दोन्ही गालांना औषध लागायला हवं असेल तर एक फवारा पुढून हवा आणि एक मागून. तोंडं दोन, पण दोन्हींतून बाहेर एकच गोष्ट पडते. हे ज्यांना जमत असेल त्यांनी खुशाल मला नावं ठेवावीत.

मला विकत घेतलं वहिनीने. ती शेतीचं शिकलेली, आवाजाने खणखणीत. तिचे यजमान बोटीवर इंजिनिअर. त्यांना गहू भेटतो तो फक्त पावाच्या रूपात. घरची जमीन ती आणि तिचे दीर कसतात. वरचा तुकडा वहिनीचा, खालचा दिरांचा. पंप एक, ट्रॅक्टर एक, गोदाम एक. ती त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. उभा जन्म त्यांनी लग्नांचे फोटो काढले. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि भाऊजी शेतावर आले. स्टुडिओतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डब्या, पिशवीभर. दुसरी, एक सवय. काहीही करायचं म्हटलं की भाऊजी हात वर करून म्हणणार, "थांबा. उजेड येऊ दे."

भाजी चिरायची असली तरी थांबा. ट्रॅक्टर सुरू करायचा असला तरी थांबा. आईंनी, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंनी, चहा मागितला की त्या स्वतःच पुढे जोडायच्या, "आणि उजेड आला नसला तरी चालेल."

त्या वर्षी ओंब्या बाहेर पडल्या आणि आभाळ बसलं. पाऊस म्हणावा असा नाही, नुसती रिपरिप. गहू दिवसभर ओला, रात्रभर ओला. एका सकाळी वहिनी शेतात गेली आणि तशीच धावत आली.

"भाऊजी, फुलोरा आलाय. बुरशीनाशक आज-उद्याच मारायला हवं. माझं आधी मारते, मग लगेच तुमचं."

भाऊजींनी बांधावर उभं राहून शेतावर नजर फिरवली. "कुठे?"

"काय कुठे?"

"फुलं."

वहिनीने एक ओंबी वाकवून त्यांच्या नाकासमोर धरली. ओंबीच्या मधोमध पिवळसर, तिळाएवढे कण लोंबत होते.

"हे?" भाऊजी हसले. "वहिनी, मी उभा जन्म नवरा-नवरीच्या गळ्यातले हार टिपलेत. फूल काय असतं ते मला शिकवू नका. हा कोंडा आहे."

"हेच गव्हाचं फूल."

"मग अजून कळीत असेल. उमलू दे, रंग भरू दे, एखादं फुलपाखरू बसू दे. थांबा जरा."

"भाऊजी, याच्यापुढे ते उमलत नाही! खाली तुमच्या तुकड्यात मागच्या मक्याची धसकटं तशीच पडलीयेत. बुरशी तिथेच मुक्काम करून बसलेली असते. हवा ओली, फूल उघडं. तिला आणखी काय हवंय, आमंत्रण?"

"आणि तुमचं ते औषध म्हणजे विषच ना? त्यापेक्षा निसर्गाचं निसर्गावर सोडावं."

इथे मला गप्प बसवत नाही. निसर्ग, निसर्ग! बुरशी काय कारखान्यात बनते? तीही निसर्गाचीच लेक आहे आणि ती दाण्यात जे विष सोडते तेही शंभर टक्के नैसर्गिक असतं. ते खाऊन माणूस नैसर्गिकरीत्या ओकतो. औषध जपून वापरावं, मापात वापरावं, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून वापरावं, हे मला मान्य आहे. माझा जन्मच त्या मापासाठी आहे. पण एका विषाचं नाव ऐकून दचकायचं आणि दुसऱ्याला निसर्ग म्हणून पाटावर बसवायचं, हा न्याय कुठला?

वहिनीने वाद सोडला. रिपरिप थांबली त्या सकाळी तिने पंप ट्रॅक्टरला जोडला. लांब दांडीवर आम्ही भावंडं ओळीने बसलो होतो. वारा पडलेला. ती गाडी सावकाश चालवत होती आणि आम्ही ओंब्यांच्या दोन्ही गालांना औषध लावत निघालो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सकाळ. एकेक ओंबी समोरून भिजायची, मागे वळून पाहावं तर पाठही भिजलेली. भाऊजी बांधावरून फोटो काढत होते. फोटो चांगले आले, असं ऐकतो.

ते मात्र थांबले. फुलाची वाट बघत. चार-सहा दिवसांत ते पिवळे कण गळून गेले. भाऊजी म्हणाले, "बघा, कोंडाच होता."

बुरशीला मात्र फूल ओळखता येत होतं.

मग एक दिवस भाऊजी नाचत घरी आले. "वहिनी! आई! या, बघा! माझा गहू आधी पिकला!"

खालच्या तुकड्यात हिरव्या ओंब्यांमध्ये जागोजागी पांढऱ्याफटक ओंब्या उभ्या होत्या. काही अर्ध्या हिरव्या, अर्ध्या पांढऱ्या. भाऊजींनी त्यांचे फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवले. खाली लिहिलं, 'आमच्याकडे सोनं लवकर उगवतं.' बोटीवरून वहिनीच्या यजमानांचा अंगठा आला.

वहिनीने एक पांढरी ओंबी चुरगळून तळहातावर घेतली. दाणे सुकलेले, चिमलेले, खडूसारखे. काहींवर गुलाबी छटा.

"हे पिकणं नाही, भाऊजी. हे मरणं आहे."

"पण रंग किती छान आहे," भाऊजी हळूच म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "आता मारू का औषध? डबल मारतो!"

"चोराने घरात शिरून, जेवून, ताणून दिलीये. आता कडी घालून काय होणार? आणि काढणी तोंडावर आलीये. आता मारलेलं औषध दाण्यातच राहील. म्हणजे दोन्ही विषं एकाच ताटात."

ऐकतील ते भाऊजी कसले! दुपारी वहिनी झोपलेली पाहून त्यांनी पंप काढला. पाणी भरलं, दाबलं, मी तुंबलेला. त्यांनी टाचणी घेतली आणि माझ्या पुढच्या तोंडात खुपसली. चिनी मातीच्या ओठावर टाचणी! माझ्या भोकाचं माप दाढी करायच्या ब्रशने जपायचं असतं, ते त्यांनी एका मिनिटात वाकडं केलं. एवढ्यावर थांबले नाहीत. मला तोंडात धरून फुंकणार, तेवढ्यात जागी झालेली वहिनी ओरडली:

"भाऊजी! त्याच्या तोंडाला तोंड लावू नका! त्यात काय असतं माहितीये?"

भाऊजींनी मला असं फेकलं, जणू मीच चावलो. फवारणी तिथेच राहिली.

त्या दिवसापासून माझं पुढचं तोंड तिरकं पिचकारी मारतं. वहिनीने मला उचलून खिशात टाकलं, दुकानात दाखवून तसाच नवा आणायला. म्हणून मी त्या दिवशी तिच्या खिशात होतो. नाहीतर ही साक्ष द्यायला कुणी नव्हतं.

कापणी झाली. गोदामात दोन ढीग लागले, एक वहिनीचा, एक भाऊजींचा. ट्रॉली भरायचं काम भाऊजींनी आपणहून घेतलं. तिथेच माशी शिंकली.

कारखान्याच्या पुढच्या गेटावर गव्हाची तपासणी होते. तपासनीस बाई चष्मा कपाळावर चढवून आली. हातात लांब पोकळ सळई. तिने ती ट्रॉलीत वरून थेट तळापर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि आतला गहू पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. ट्रेच्या एका टोकाला गहू टपोरा, सोनेरी. दुसऱ्या टोकाला चिमलेला, गुलाबी.

"वरचा कुणाचा?"

"माझा," वहिनी म्हणाली आणि मग ट्रेकडे बघून थबकली. "भाऊजी?"

भाऊजी आभाळातला उजेड तपासत होते. "एकाच घरचा आहे," ते म्हणाले.

"खाली खराब, वर चांगला. थर लावलेत?" बाईने विचारलं.

"थर नाही हो. ग्रुप फोटोत कसं, देखणे चेहरे पुढे उभे करतात..."

"आणि बाकीचे?"

"मागे," भाऊजी पुटपुटले.

बाईने दाणे दळून यंत्रात घातले, थांबली, मान हलवली. "विष मर्यादेच्या कितीतरी वर आहे. माणसांना चालणार नाही. जनावरांनाही घालू नका. डुकरंसुद्धा तोंड फिरवतात याला."

"पण भट्टीत भाजल्यावर?" भाऊजींनी आशेने विचारलं.

"बुरशी मरेल. तिने दाण्यात ठेवलेलं विष भट्टीला भीत नाही. न्या परत."

वहिनीचा वर्षभराचा स्वच्छ गहू त्या ट्रॉलीत मिसळून गेला होता. ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. वरचा थर वेगळा घेता येईल का, एवढं विचारायला.

तासभर बाहेर बसवून मग तिला आत बोलावलं. मॅनेजर टाय लावून बसले होते. "बाई, आम्ही ग्राहकाच्या पोटाशी खेळत नाही. या गेटातून एक खराब दाणा आत जात नाही. एक!" त्यांनी बोट वर केलं.

वहिनी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आमच्याही घरी तुमच्याच पिठाचा पाव येतो. सासूबाई रोज खातात. मी हा गहू घरी नेऊन पुरून टाकते."

ती बाहेर आली. ट्रॉली रिकामी होती.

भाऊजी चाकावर बसून हसत होते. "काम झालं, वहिनी! तो निळा ट्रकवाला आहे ना, तो सगळा परत केलेला माल उचलतो. दोन माणसं चढली, फावड्यांनी भराभर ओढून घेतला. त्याच्या ट्रकात आधीचाही होताच. आपल्यासारखे बरेच दिसतात."

"कुठे नेणार तो?"

"ते नाही विचारलं. म्हणाला, लागतो कुठेतरी."

"लागतो कुठेतरी? भाऊजी, गहू काय भिंतीला लागतो?"

निळा ट्रक तेवढ्यात वळला. शहराकडे नाही, हमरस्त्याकडे नाही. कारखान्याच्या कुंपणाला लागून, भिंतीच्या कडेकडेने.

"बसा," वहिनी म्हणाली.

"थांबा, जरा..."

"बसा!"

असा पाठलाग मी कधी पाहिला नव्हता आणि तुम्हीही पाहिला नसेल. पुढे ट्रक, मागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे रिकामी ट्रॉली खडखडाट करत. ट्रकची मागची फळी सैल होती, प्रत्येक खड्ड्याला तो मूठभर गहू सांडत होता, म्हणजे चुकायची सोयच नव्हती. भाऊजी एका हाताने सीट धरून दुसऱ्या हाताने फोनवर फोटो काढत होते. एक कोपरा वळलो. दुसरा वळलो. आणि समोर तोच कारखाना, पाठीकडून. तेच नाव, तोच रंग, दुसरं गेट.

गेट उघडलं. ट्रक आत गेला. गेट बंद झालं.

तेव्हा मला कळलं, त्या कारखान्यालाही दोन तोंडं आहेत. एक पुढे, एक मागे. पुढचं म्हणतं, न्या परत. मागचं म्हणतं, या आत. आणि माणसं शिवी मला देतात!

वहिनीने गेट बडवलं. छोट्या खिडकीतून वॉचमनचं डोकं बाहेर आलं.

"काय आहे?"

भाऊजी पुढे झाले. त्यांच्या आवाजात असा जोर मी कधी ऐकला नव्हता. "माझा गहू आत गेलाय. परत द्या."

"कुठला गहू?"

"गुलाबी!"

"साहेब, लोक चांगला गहू परत मागतात."

"मला माझा खराबच हवाय! तो माझा आहे, मी पिकवलाय, मी त्याची वाट लावलीये! तो कुणाच्या पोटात जायला नको!"

"इथे गहू-बिहू येत नाही," म्हणत वॉचमनने खिडकी लावली. खाली, बरोबर त्याच्या पायाशी, गहू सांडलेला होता.

वहिनी वाकली. मूठभर दाणे उचलून तिने खिशात टाकले, माझ्या अंगावर. ते गळू नयेत म्हणून मी भोकाला अंग लावून बसलो. मग ती ट्रॅक्टरकडे वळली. तेवढ्यात भाऊजींनी हात वर केला.

"थांबा."

वहिनीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी खिशात आकसलो.

"नाही वहिनी, खरंच थांबा. आत जातानाचा फोटो आहे माझ्याकडे. भरलेला. त्याला बाहेर यावंच लागेल ना कधीतरी? आता ऊन गेटावर येतंय. उजेड चांगला आहे."

आणि ते थांबले. जे थांबणं फुलोऱ्यात नडलं, तेच तिथे कामाला आलं. वहिनी त्यांच्याशेजारी ट्रॉलीच्या दांडीवर बसली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ग्रुप फोटो म्हणे." भाऊजी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "फार चुकलं." तेवढंच बोलणं झालं. मग गेट उघडलं, निळा ट्रक बाहेर आला, ताडपत्री घडी घातलेली, मागची फळी खाली पडलेली, आतला पत्रा उन्हात चमकत होता. भाऊजींनी टिपला.

दोघं पुन्हा पुढच्या गेटाने मॅनेजरकडे गेली. मॅनेजर म्हणाले, "मागचं गेट? ते तर कायम बंद असतं."

भाऊजींनी फोन समोर धरला.

"हा ट्रक आमचा आहे असं कशावरून?"

"ट्रक कुणाचाही असो," वहिनी म्हणाली. "गेट तर तुमचं आहे?"

मॅनेजरांनी टाय सैल केला. "चौकशी करतो."

संध्याकाळी घरी आल्या आल्या आईंनी विचारलं, "पाव आणलात?"

"आज पाव नको, आई," भाऊजी म्हणाले.

"का? उजेड नव्हता?"

वहिनीने भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशी तिने तपासनीस बाईला फोन केला. बाई म्हणाली, मी परत केलेला माल गेटाबाहेर गेला, तिथे माझं काम संपतं. बाई खोटं बोलत नव्हती. तिला एकच गेट दिसत होतं. वहिनीने अन्न खात्याला फोटो पाठवले. तिकडूनही तेच, चौकशी करतो. गावात जो-तो विचारतो, "काय झालं हो त्याचं?" आणि उत्तर ऐकायला न थांबता पाव घ्यायला निघून जातो.

माझं म्हणाल तर मी आता निवृत्त आहे. वाकड्या तोंडाचा नोझल शेतात चालत नाही. वहिनीने मला गोदामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं आहे. पंपावर नवी भावंडं बसली आहेत, सगळी दुतोंडी. खालच्या तुकड्यातली धसकटं भाऊजींनी नांगरून मातीत गाडली. यंदा ओंब्या बाहेर पडल्यापासून ते रोज सकाळी गव्हात गुडघ्यावर बसतात, डोळ्याला स्टुडिओतलं भिंग लावून. परवा त्यांच्या आरोळीने सारं शिवार दचकलं.

"वहिनी! फूल! फूल आलं! पळा!"

आई ओसरीवरून म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?"

त्याच दिवशी फवारणी झाली, मापात, वारा पाहून, दोन्ही तुकड्यांत. औषधाने रोग अगदी शून्यावर येत नाही. मी खोटी जाहिरात करणार नाही. पण खूप कमी होतो, वेळेवर मारलं तर. वाचकहो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे: गव्हाला फूल येतं. लहान असतं, पण येतं. ते वाकून पाहा. आणि माझी भोकं टाचणीने साफ करू नका.

तो मूठभर गुलाबी गहू वहिनीने माझ्यासोबत खिशातून काढला आणि भाऊजींच्या फिल्मच्या डबीत भरला. डबी स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. तिच्या मागे भिंतीला दोन फोटो चिकटवले आहेत. किल्ल्या खुंटीवर असतात तेव्हा ते बरोबर माझ्यासमोर येतात. रोज सकाळी पाववाल्याची घंटा दारावरून पुढे जाते आणि आई त्या फोटोंकडे बघतात.

पहिल्या फोटोत ट्रक मागच्या गेटाने आत जातोय. भरलेला आहे. दुसऱ्यात तोच ट्रक त्याच गेटाने बाहेर येतोय. रिकामा आहे.